ईस्टरच्या दुपारी तुमच्या घरात काय शिजायचं? सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांना विचारते आहे

सोलापूरची सून · 15 मार्च

सर्वांना सलाम.

यंदा 5 एप्रिलला ईस्टर. त्या दिवशी आमच्या घरी चोवीस-पंचवीस माणसं जेवायला असतात. दोन नणंदा मुलाबाळांसह, शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून येणारे धाकटे दीर, शेजारचं म्हातारं जोडपं आणि सासऱ्यांच्या गिरणीतल्या सोबत्यांपैकी जे दोघं-तिघं उरलेत ते. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली वीस-एकवीस वर्षं हा स्वयंपाक सासूबाईंच्या हातचा. मी कांदा चिरायचा, खोबरं किसायचं, भाकरी थापायच्या. पातेल्यापाशी फक्त त्या.

2025 च्या जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, ओळखतात सगळ्यांना, गाण्याच्या सुरावर ओठ हलवतात, पण शब्द फुटत नाही. लिहिता येत नाही, कारण उजवा हात उचलत नाही. त्यामुळं मागच्या ईस्टरला पहिल्यांदा पातेल्याशी मी उभी राहिले आणि सगळं नासवलं. खरंच नासवलं. 20 एप्रिल होता, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, रात्रीसुद्धा भिंती गरम. पहाटेच्या उपासनेला जायचं म्हणून शनिवारी रात्री अकरापर्यंत पाच किलो मटण पूर्ण करून ठेवलं, झाकण घातलं आणि झोपले. उपासनेहून येऊन झाकण काढलं तर वर बारीक फेस आणि आंबूस वास. पाच किलो मटण टाकून द्यावं लागलं. त्या दिवशी पंचवीस माणसांनी अंड्याचा रस्सा आणि भात खाल्ला. कुणी एक शब्द बोललं नाही, पण सासूबाई ताटाकडं बघत बसल्या होत्या ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता माझे प्रश्न.

माझं माहेर लातूरकडचं, वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळं ईस्टरला चर्चमधून आलं की चहा आणि दुपारी नेहमीचंच जेवण. म्हणून मला या घराबाहेरचा अनुभव नाही. तुमच्या आजी, आई, सासू ईस्टरला काय करायच्या? माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्यानं मोबाईलवर परदेशातली ईस्टरची टेबलं बघितली, भाजलेली तंगडी, हॅम, चॉकलेटची अंडी, आणि मला विचारलं, "मम्मी, आपलं पारंपरिक काय असतं?" मी म्हणलं मटण-भाकरी. तो म्हणाला, ते तर पाहुणे आले की कधीही असतं. मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं, पहाटे पाचच्या उपासनेला घरातल्या सगळ्यांनी जायचं आणि साडेनऊ-दहाला पंचवीस माणसांना जेवायला वाढायचं, हे तुम्ही कसं जमवता? फ्रीज आहे, पण ते पातेलं त्यात मावत नाही.

तिसरं, सासूबाईंच्या रश्श्याला एक चव होती. काळपट, दाट, आणि शेवटी जिभेवर किंचित कडसर. काळं तिखट त्यांच्याच प्रमाणानं केलेलं अजून डब्यात आहे, तरी माझा रस्सा तसा होत नाही. काहीतरी वाटणात जायचं जे मी कधी बघितलं नाही, कारण वाटण त्या एकट्या करायच्या. काय असेल?

रेल्वे लाईन्सच्या बाई · 16 मार्च

सलाम, बाळ. मी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे, जन्म सोलापुरातलाच. तुझं लिहिणं रात्री वाचलं आणि आईची आठवण आली, म्हणून सकाळी चहाच्या आधी लिहायला बसले.

आधी तुझ्या मुलाचा प्रश्न, कारण तो चांगला आहे. ईस्टरचं असं एक ठरलेलं पक्वान्न आपल्याकडं नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या भागात सुवार्ता घेऊन आले ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक. 1813 ला मुंबई, 1831 ला नगर, आणि तिथून पुढं आपल्याकडं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांमधली. त्यांच्या जुन्या चालीत नाताळ आणि ईस्टर सण म्हणून पाळतच नसत, त्यांचा भर रविवारवर. त्यामुळं त्यांनी पुनरुत्थानाची शिकवण आणली, गीतं आणली, पण ईस्टरचं ताट काही आणलं नाही. ते ताट आपल्या बायकांनी घरात होतं त्यातून मांडलं.

आणि घरात काय होतं ते बघ. 21 मार्चनंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा 2 तारखेला चैत्री पौर्णिमा आहे आणि 5 ला ईस्टर. म्हणजे सण कायम 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मधे. आपल्याकडं त्या दिवसांत रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते. खपली गहू नुकताच निघालेला असतो. आणि घरोघर गच्चीवर मिरच्या वाळत असतात, कांडपापुढं रांगा असतात, वर्षाचं काळं तिखट होत असतं. माझ्या आईचा नियम होता, नव्या तिखटाचा डबा ईस्टरच्या रश्श्यालाच उघडायचा. तोवर जुन्यावर भागवायचं, तळाला लागलं तरी. मटण वर्षात दहा वेळा होत असेल, पण नवी ज्वारी, नवं तिखट आणि नवा गहू एका ताटात त्याच दिवशी. मुलाला हे सांग.

आता भाकरी. आमच्याकडं ईस्टरला ताजी भाकरी नसायची, कडक भाकरी असायची. लहानपणी मला वाटायचं, सणाच्या दिवशी शिळी भाकरी का? एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, "मग पहाटे उपासनेला कोण जाईल? मी चुलीपाशी बसू आणि तुझ्या बाबांनी जाऊन ऐकायचं होय?" पंचवीस माणसांच्या ताज्या भाकरी म्हणजे एक बाई सकाळभर तव्यापाशी. म्हणून आई आणि शेजारच्या तिघी जणी बुधवार-गुरुवारीच भाकऱ्या करायच्या. मालदांडी ज्वारी, पीठ बारीक दळलेलं, उकळत्या पाण्यात भिजवून तळव्यानं रगडून मळायचं. पातळ थापायची, इतकी की परातीचा तळ जाणवावा. तव्यावर भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून ठेवायची आणि फडक्याची गुंडाळी करून दाबत राहायचं, म्हणजे वाकत नाही. पापडासारखी वाजली की झाली. महिनाभर काही होत नाही तिला. गुड फ्रायडेला सात शब्दांची, म्हणजे क्रूसावरच्या प्रभूच्या सात उद्गारांची, उपासना बारा ते तीन, तोवर उपास, आणि घरी आलं की त्यातलीच एक भाकरी ताकात चुरून खायची. रविवारी तीच भाकरी रश्श्यात. कबरेकडं पहाटे पहिल्यांदा गेल्या त्या बायका. आई कडक भाकरी करताना दरवर्षी ही गोष्ट सांगायची.

आणि ती बेखमीर भाकर आहे, हे विसरू नकोस. बायबलमधल्या निर्गमच्या 12 व्या अध्यायात यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण सांगितलंय, विस्तवावर भाजलेलं मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी. आपल्या ज्वारीच्या भाकरीत कधी खमीर पडलंच नाही.

मटणाचं सांगते. तू रात्री पूर्ण केलंस आणि गरम असताना झाकलंस, म्हणून आंबलं. वाटण पडलेला रस्सा एप्रिलात रात्रभर टिकत नाही, त्यातला कांदा-कोथिंबीर आधी उतरते. फ्रीज यायच्या आधी आई असं करायची. शनिवारी रात्री फक्त अळणी. मटण धुवून हळद, मीठ, आलं-लसूण लावायचं, थोड्या तेलावर परतायचं, आधणाचं पाणी घालून चारातले तीन भाग शिजवायचं. वाटण नाही, तिखट नाही. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं, वर झाकण नाही, पातळ फडकं. साडेतीनला उठून एक खळखळून उकळी आणायची आणि तसंच उघडं सोडायचं. तू आता हेच कर, पण अळणी गार झालं की चार-पाच डब्यांत वाटून फ्रीजमधे ठेव. मोठं पातेलं मावत नाही, डबे मावतील. वाटण कोरडं भाजून, पाणी न घालता, वेगळ्या डब्यात. घरी आलीस की वाटण बारीक कर, फोडणी कर, अळणी ओत. पाऊण तासात जेवण. पोरांना आधी वाटीभर अळणी पाणी भात कालवून दे, म्हणजे ती गप्प बसतात.

तुझ्या रश्श्याच्या चवीचं मात्र विचार करून लिहिते. दाटपणा कशाचा असेल ते सांगू शकते. आमच्याकडं कडक भाकरीचा एक चतकोर तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून वाटणात घालत. रस्सा धरून राहतो आणि रंगही येतो. पण कडसर?

वसईकर · 16 मार्च

ताई, मी वसईची, कॅथलिक. तुमच्याकडची पद्धत वाचून खूप छान वाटलं. आमच्याकडे वेळेचा प्रश्न वेगळा असतो, कारण मोठा विधी शनिवारी रात्री. नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, मग मिस्सा. मध्यरात्री घरी येतो आणि तेव्हाच पहिला घास. उपवासकाळात आमच्या आईकडे चाळीस दिवस घरात मांस शिजत नसे, त्यामुळे त्या रात्रीच्या फुग्यांचा वास मला अजून येतो. फुगे म्हणजे मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून आंबवलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं. पूर्वी आंबवायला ताडी असायची.

मटण टिकण्याबद्दल सांगते. आमचं इंद्याल आदल्या दिवशीच करतात, कारण त्यात पाणी नाही, व्हिनेगर आहे. मिरची, जिरं, लसूण, आलं व्हिनेगरमध्ये वाटायचं आणि त्यातच मांस शिजवायचं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. ही पोर्तुगीजांची देणगी. 1534 ते 1739 वसई त्यांच्याकडे होती, आणि समुद्रावर महिनोन्‌महिने मांस टिकवायची त्यांची ही रीत. तुमच्या काळ्या रश्श्याची जागा ते घेणार नाही, पण पंचवीस माणसांत एक पदार्थ आदल्या दिवशी निश्चिंतपणे तयार असला तर तुमच्यावरचा भार हलका होईल. फ्रीजमध्ये ठेवाच, व्हिनेगर असलं तरी.

अशोक चौक · 17 मार्च

वहिनी, आमचं घर तेलुगू. पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले. आमच्याकडं ईस्टरला मटणात पुंटिकूर असतंय, म्हणजे तुमची अंबाडी. पाला तेलावर परतून, घोटून, शिजत आलेल्या मटणात सोडायचा. आंबट आहे त्यामुळं उन्हाळ्यात बरं पडतं आणि लवकर खराब होत नाही. मंगळवार बाजारात आणायची, लाल देठाची बघून घ्या, ती जास्त आंबट. सोबत भात.

आमची अम्मा कडू भाजी म्हणून अंबाडीच सांगायची. बाईंनी वल्हांडणाचं लिहिलं म्हणून आठवलं. आंबट आहे, कडू नाही, पण तिचं तसंच होतं.

अंडी विचारलं नाही तुम्ही, तरी सांगतो. संडेस्कूलच्या पोरांना उकडलेली रंगीत अंडी वाटायचं काम आमच्या तरुण संघाकडं असतंय. रंग विकत आणत नाही. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे ढीग असतात, हमालांना सांगितलं की पोतंभर कोरड्या साली फुकट मिळतात. साली पाण्यात उकळायच्या, त्यात चमचाभर व्हिनेगर आणि अंडी. विटकरी लाल रंग येतो, खायलाही चालतंय. अंड्याला आधी कोथिंबिरीचं पान चिकटवून वर जुन्या मोज्याची गुंडाळी घट्ट बांधली तर पानाची पांढरी नक्षी उठते. मुलाला करायला द्या, त्याला आवडेल.

लेस्टरहून · 18 मार्च

मी मूळची सोलापूरची, इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. मुलाच्या प्रश्नासाठी दोन गोष्टी. इथे गुड फ्रायडेला वर क्रूस काढलेले मनुक्यांचे पाव आणि ईस्टरला कोकराची तंगडी भाजून पुदिन्याच्या सॉसबरोबर खातात. एक सिम्नेल केक असतो, त्यावर बदामाच्या लगद्याचे अकरा गोळे मांडतात, अकरा शिष्यांचे. दगा देणाऱ्या यहूदाचा गोळा नसतो. अमेरिकेतलं हॅम म्हणजे थंडीच्या तोंडाशी कापलेल्या डुकराचं मांस मिठात-धुरात मुरत ठेवलेलं, ते वसंतापर्यंत तयार व्हायचं. अंडी सगळीकडे आहेत कारण जुन्या काळी उपवासकाळात अंडीही वर्ज्य होती आणि कोंबड्या काही थांबत नसत, सणापर्यंत घरात साठायची. म्हणजे बाईंनी लिहिलंय तसंच आहे सगळीकडे, त्या हंगामात घरात जे होतं ते.

मी इथे दरवर्षी ईस्टरच्या दुपारी सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाते. सामानात भाकरीचा चुरा होतो, पण चुरायचीच तर असते.

रेल्वे लाईन्सच्या बाई · 19 मार्च

बाळ, गोडाचं राहिलं होतं. वसईच्या ताईंचे फुगे वाचून आठवलं.

आमच्याकडं शेवया नाहीत, पुरण नाही. खपली गव्हाची खीर. आपल्याकडं हिला हुग्गी म्हणतात, कानडी शेजाऱ्यांचा शब्द, आणि लिंगायत घरांतून आमच्या घरात आलेला पदार्थ. आजी ईस्टरला हीच करायची आणि त्याचं कारण योहान 12:24, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटा राहतो, मेला तर पुष्कळ फळ देतो. आजीला वाचता येत नव्हतं. हे वचन तिला पाठ होतं, आणि ती गहू कांडताना म्हणायची.

खपलीला टरफल घट्ट असतं. शनिवारी सकाळी गव्हावर पाण्याचा हबका मारून अर्धा तास फडक्यात दडपायचा. मग उखळात. मुसळ वरून जोरात आपटायचं नाही, दाणा फुटतो. निम्म्यातून सोडायचं आणि हाताला आलेलं वजन तेवढं पडू द्यायचं. थोड्या वेळानं आवाज बदलतो, खस्‌खस्‌ येतो, म्हणजे टरफल सुटलं. उन्हात हात फिरवत दहा मिनिटं, सुपात पाखडायचं. टरफल उडून अंगणभर होतं आणि सुपात पिवळसर, ओला, उघडा दाणा उरतो. आजकाल सडलेली खपली बाजारात मिळते, तुला एवढं करायला नको. पण मुलाला एकदा मूठभर तरी कांडू दे.

किलोभर गहू रात्री भिजत घाल. पहाटे जाण्याआधी कुकरमधे मंद आचेवर ठेवून, शिजला की गॅस बंद करून जा. आलीस की पळीनं थोडा घोट, किलोच्या आत-बाहेर गूळ, ओल्या नारळाचे बारीक काप, भाजून कुटलेली खसखस, सुंठ, जायफळ. गूळ दाणा मऊ झाल्यावरच, आधी घातलास तर दाणा कडक राहील आणि मग काही केल्या शिजणार नाही. वाढताना वर गार दूध नाहीतर तूप.

मासा पण सांगून ठेवते. पुनरुत्थान झालेल्या प्रभूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, लूक 24:42-43. माझे वडील त्यासाठी उजनीचा मासा आणायचे, मिळाला तर. एक तुकडा का होईना तव्यावर भाजून प्रत्येकाच्या ताटात. आता उजनीत चिलापीच फार. मिळालाच तर घे, नाही तर नाही.

कडसर चवीचं अजून सुचलं नाही. दगडफूल जास्त पडलं की कडवटपणा येतो, पण ते तुझ्या तिखटात आधीच असेल. तुझ्या सासूबाई कुठल्या गावच्या?

सोलापूरची सून · 19 मार्च

बाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सगळं वहीत उतरवून घेतलं. सासूबाई अक्कलकोटकडच्या. दगडफूल तिखटात आहे, मेथी घालून बघितली, ती चव वेगळी. भाकरीचा चतकोर मात्र आज करून बघणार.

ताई, इंद्याल मी कोंबडीचं करेन, दोन किलो.

सोलापूरची सून · 6 एप्रिल

कालचा दिवस झाला. आज सगळे गेले, घर आवरून लिहिते आहे.

बुधवारी दोन्ही नणंदा आल्या होत्या, तिघींनी मिळून सत्तर कडक भाकरी केल्या. गॅसवर निखारे नाहीत, म्हणून भाजलेली भाकरी मंद तव्यावर ठेवून फडक्यानं दाबत बसलो. पहिल्या दहा वाकड्या झाल्या, पुढच्या जमल्या. सासूबाईंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली होती. धाकटी नणंद भाकरी वाजवून त्यांच्या कानाशी धरायची. वाजली की त्या मान हलवायच्या. एकदा हलवली नाही, ती परत तव्यावर टाकली.

शनिवारी रात्री अळणी केलं, गार करून पाच डब्यांत फ्रीजला लावलं. खपली सडलेलीच आणली, पण मूठभर अख्खी मागून घेतली आणि मुलानं खलबत्त्यात कांडली, उखळ आमच्याकडं नाही. आवाज बदलला की हाक मार म्हणलं होतं. बरोबर त्याच वेळेला हाक मारली त्यानं. अंडीही त्यानंच रंगवली, साठ. मोज्याची युक्ती चालली, पण कोथिंबिरीपेक्षा कढीपत्त्याचं पान चांगलं उठलं.

पहाटे साडेचारला निघालो तेव्हा चंद्र अजून आकाशात होता. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा पूर्ण उपासनेला बसले. आधी शेवटचं गीत सुरू झालं की मी आणि सासूबाई मागच्या दारानं निघायचो, चूल पेटवायला. काल प्रभुभोजन झालं, आशीर्वाद झाला, पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे", आणि सगळ्या मंडळीनं "खरोखर उठला आहे" म्हणलं तेव्हा मी तिथं होते. सासूबाईंना दिरांनी खुर्चीवरून नेलं होतं.

साडेसातला घरी. वाटणाला कांदे अख्खे गॅसवर जाळले, सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि भाकरीचा काळा चतकोर. रस्सा दाट झाला, रंग आला. सव्वानऊला पंगत बसली. सगळे मनापासून जेवले, गिरणीतल्या काकांनी तीन वेळा रस्सा घेतला.

पहिलं ताट सासूबाईंचं. डाव्या हातानं त्यांनी स्वतः भाकरी चुरली, आम्ही कुणी मदत केली नाही. एक घास घेतला, थांबल्या. माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली. मला वाटलं मीठ. मान नाही म्हणून हलवली. मग फळीकडं बोट केलं. मी डबे एकेक काढून त्यांच्यापुढं धरत गेले. सुंठ, नाही. खसखस, नाही. बडीशेप, नाही. मागं एक छोटा स्टीलचा डबा होता, चटणीसाठी म्हणून ठेवलेला, तो उघडून धरला तर त्यांनी त्यात बोटं घातली आणि चिमूट माझ्या तळहातावर ठेवली.

कारळं.

रेल्वे लाईन्सच्या बाई · 6 एप्रिल

कारळं! अगं, अक्कलकोटकडच्या म्हणलीस तेव्हाच सुचायला हवं होतं मला. भाजून ना? आणि पाच किलोला किती?

सोलापूरची सून · 6 एप्रिल

हो, कोरडंच, तडतडेपर्यंत भाजून. संध्याकाळी उरलेल्या रश्श्यात थोडं कुटून घातलं आणि वाटीत त्यांना दिलं. पूर्ण वाटी संपवली. प्रमाण विचारलं तर डबा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताची मूठ भरून दाखवली. मग त्यातलं निम्मं परत डब्यात सोडलं.

म्हणजे त्यांच्या हाताची अर्धी मूठ. मी वहीत तसंच लिहिलंय.